देव काय मिस्तरी शे का?

एप्रिलची दुपार होती. माझ्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बादली आणि बादलीत स्टोव्ह. जळगावच्या मेहरूणमधल्या त्या घराची वरची खोली मला हवी होती, कारण तिथून लॅबची गाडी पकडायला सोपं होतं आणि भाडं परवडत होतं. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्यानं मला आत घेतलं नाही, पाणीही विचारलं नाही. धुळ्याच्या फादरांनी दिलेली चिठ्ठी त्यानं दोनदा वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जग किती दिवसांत झालं?"

मी कॅथलिक घरातला. घरमालक रोज सकाळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जातात, असं फादरांनी बजावून सांगितलेलं. मी शक्य तितक्या भाविक आवाजात म्हणालो, "सहा दिवसांत, सर."

"चूक," ते म्हणाले आणि तिथेच उंबऱ्यावर सुरू झाले. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात सूर्य चौथ्या दिवशी येतो. सूर्यच नव्हता तर पहिले तीन दिवस मोजले कोणी, आणि कशावरून? हा प्रश्न काही नास्तिकांनी काढलेला नाही, आपल्याच जुन्या संतांनी काढलाय. देवानं बायबल दिलं ते तारणाचं, आत्म्याच्या उद्धाराचं पुस्तक म्हणून, भूगोलाचं नव्हे. माझ्या टाळूवरून घाम निथळत होता. पाऊण तासानंतर त्यांना अचानक आठवलं की मी खोली बघायला आलोय. किल्ली देताना ते म्हणाले, "उत्तर चुकलं, पण ऐकून घेतलंस. राहा."

त्याच क्षणी मी बादली उचलून परत फिरायला हवं होतं. नाही फिरलो. पुढची तीन वर्षं त्याचं फळ भोगलं.

सर जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर. मूळचे साक्रीकडचे, सगळी नोकरी जळगावात. लग्न केलेलं नाही. बोलणं अगदी शाळेच्या पुस्तकातलं, पण डोकं तापलं की अहिराणी बाहेर यायची. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचे, आणि त्या वर्गात आदाम-हव्वाच्या शेजारी फळ्यावर माशाचा सापळा काढायचे. मी केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये कामाला. बाटलीतला कोंब कापायचा, त्याचे तुकडे दुसऱ्या बाटल्यांत लावायचे, त्यांना फुटवे आले की पुन्हा कापायचे. दिवसभर हेच. घरी येऊन डोकं टेकावं तर खालून हाक यायची, "आलास का? जरा खाली ये, हे बघ लोकांनी काय पाठवलंय."

लोकांनी पाठवलेलं म्हणजे व्हॉट्सॲप. चर्चच्या ग्रुपवर कोणी काही टाकलं, की डोळा इतका गुंतागुंतीचा आहे की तो आपोआप होऊच शकत नाही, किंवा अमुक डोंगरावर नोहाचं तारू सापडलं, की सर ते चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचे. मग लाल पेनानं तपासायचे. समासात शेरा, खाली दहापैकी गुण. आणि रविवारी मिस्सा संपल्यावर, लोक एकमेकांना "येशूची स्तुती असो" म्हणत असताना, तो कागद ज्याचा त्याच्या हातात द्यायचे. "शून्य दिलं नाही. तारू असं नीट लिहिलंय, त्याचा एक मार्क." तारू पाठवणाऱ्या कुटुंबानं त्यानंतर सरांना नाताळचा फराळ पाठवणं बंद केलं. फराळात माझाही वाटा असायचा, हे इथे नमूद करतो.

आमच्या जळगावच्या चर्चचे फादर तरुण होते, नंदुरबारकडचे, शांत स्वभावाचे. प्रवचन देताना त्यांची नजर सारखी तिसऱ्या बाकाकडे जायची, कारण तिथे सर वही घेऊन बसलेले असायचे. एकदा फादर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे पाहा, चर्चची शिकवण सरांपेक्षा वेगळी नाहीये. शरीर कसं घडलं त्याचा अभ्यास करा, आत्मा देवाकडून, एवढं साधं आहे. ते बरोबरच बोलतात. पण बरोबर बोलायची पण एक वेळ असते ना." मी म्हणालो, हे तुम्हीच त्यांना सांगा. फादर म्हणाले, "मला गेल्या रविवारी पाच मार्क मिळालेत."

सरांची खरी खुन्नस मात्र सहा दिवसवाल्यांशी नव्हती. ते बिचारे भोळे, असं ते मानायचे. त्यांना चीड होती ती डिझाइनवाल्यांची. हे लोक सूट-बूट घालून व्हिडिओत येतात, पेशीचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, इथवर निसर्गानं झालं असेल, पण हा भाग मात्र कोणीतरी हुशारानं बसवलाय. ते ऐकलं की सरांच्या मानेची शीर उडायची. "देव काय मिस्तरी शे का? घडी घडी ईसन नट आवळाले? ज्या मिस्त्रीला मोटर बसवल्यावर सारखं येऊन ती दुरुस्त करावी लागते, तो मिस्त्री कच्चा. शेतकरी बी टाकतो, मग रोज जाऊन कोंब बोटानं वर ओढतो का? सगळं त्याचंच. बठ्ठं त्यानंच शे, पन तो मिस्तरी नही." मला हे पटायचं. पटलंय असं मी सांगायचोही. पण पटलेल्या माणसाला सोडून द्यावं, हे त्यांच्या धर्मात नव्हतं. पटलं कसं, कुठल्या पुराव्यावर पटलं, याची तोंडी परीक्षा व्हायची आणि माझी भाजी गार व्हायची.

समोर एक मारवाडी शेठ होते, जैन, किराणा दुकानवाले. त्यांच्याइतका शहाणा माणूस मी त्या गल्लीत पाहिला नाही. सर त्यांच्या दुकानात जाऊन तूरडाळ बाजूला सारून उत्क्रांती मांडायला लागले की शेठ पुडी बांधता बांधता म्हणायचे, "सर, आमच्यात तर बनवणाराच नाही. जग होतं, आहे, राहणार. तुमचं भांडणच नाही आमच्याकडे. पोहे किती देऊ?" सर तिथून अत्यंत नाराज होऊन परतायचे.

बरगड्यांचा किस्सा सांगतोच, कारण त्यात माझी अब्रू गेली. चर्चमध्ये एक अक्का होत्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. वर्गात एका मुलीनं सांगितलं की अक्का म्हणतात, देवानं आदामाची बरगडी काढून हव्वा केली म्हणून पुरुषाला एक बरगडी कमी असते. सरांना त्या आठवड्यात झोप आली नाही. नर्सच असं म्हणते म्हणजे काय? पुढच्या रविवारी शाळेतला प्लास्टिकचा सापळा हॉलमध्ये हवा, असं त्यांनी ठरवलं, आणि तो आणायचा कोणी, तर माझ्याकडे मोटरसायकल होती. चादरीत गुंडाळलेला सापळा मागे बांधून मी बाजारातून निघालो. आकाशवाणी चौकात ट्रॅफिक पोलिसानं अडवलं, कारण चादरीतून पाय बाहेर आला होता. चर्चला नेतोय म्हटल्यावर तर त्याचा चेहरा आणखीच बदलला. शेवटी पोलिसानं चादर सोडून, सापळा वाजवून पाहिला. भोवती शंभर माणसं जमली होती.

हॉलमध्ये सरांनी अक्कांना पुढे बोलावलं. "मोजा, अक्का. तुमच्या हातानं मोजा." अक्कांनी चष्मा लावला आणि शांतपणे मोजलं. डावीकडे बारा, उजवीकडे बारा. मुलं श्वास रोखून बसली होती. सर विजयी मुद्रेनं मुलांकडे वळले. अक्कांनी सापळ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं आणि म्हणाल्या, "हाऊ बाईना सापळा शे, सर."

बाईचा म्हटल्यावर सरांनी विचारलं, "अक्का, तुम्ही नर्सिंगला असताना शिकलात ना हे?"

"ते नोकरीनं. हाई देवनं," अक्का म्हणाल्या, नोकरीचं वेगळं, देवाचं वेगळं अशा सुरात, आणि जाऊन बसल्या. सापळा परत पोचवायचं काम अर्थात माझंच होतं.

यावरून कोणाला वाटेल की सर चर्चला कंटाळलेले, मनातून निधर्मी झालेले. तसं धुळ्याच्या एका मंडळालाही वाटलं. विज्ञानाचा प्रचार करणारी ती चांगली मंडळी. बायबल बाजूला ठेवलेला ख्रिस्ती मास्तर म्हणून त्यांनी सरांना व्याख्यानाला बोलावलं. जळगाव ते धुळे मोटरसायकल, मे महिना, चालक मी. सर सुरेख बोलले. घोड्याच्या पायाची हाडं, देवमाशाच्या पोटातली पायाची खूण, सगळं. लोक माना डोलवत होते. बाराचा ठोका पडला तसे ते वाक्याच्या मधोमध थांबले, खडू ठेवला, क्रुसाची खूण केली आणि डोळे मिटून मोठ्यानं बाराची प्रार्थना म्हणायला लागले, पवित्र मरियेला देवदूतानं दिलेला निरोप. पूर्ण म्हटली. मग खडू उचलला आणि वाक्य पुरं केलं.

अध्यक्षांनी आभार मानताना जरा ताठरपणे विचारलं की हे दोन्ही एका डोक्यात कसं राहतं. सर म्हणाले, "रेल्वेचं टाइमटेबल वाचणारा माणूस आईला पत्र लिहीत नाही का?" जेवणाचं आमंत्रण होतं, त्याचा पुढे कोणी उल्लेख केला नाही. आम्ही पारोळ्याच्या अलीकडे शेवभाजी खाल्ली. त्यांनी तिथल्या वाढप्यालाही देवमाशाचे पाय सांगितले.

असा हा माणूस. तर असल्या माणसाला मी माझ्या लग्नाच्या बैठकीला घेऊन गेलो, यावरून माझी परिस्थिती लक्षात यावी.

रूथ चाळीसगावची. जळगावला सगळ्या चर्चचा मिळून नाताळचा कार्यक्रम झाला त्यात ती गायला आली होती. मग वर्षभर आम्ही फोनवर बोललो. जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो, फक्त या एका विषयावर नाही, कारण तो विषय घरी दोन वेळा मला जेवणाबरोबर मिळायचा. तिचं घराणं प्रोटेस्टंट, चार पिढ्यांचं. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, आता घरोघरी प्रार्थनासभा घेतात. मी कॅथलिक आहे हे त्यांनी कसंबसं पचवलं होतं. बैठकीच्या आठवडाभर आधी रूथचा फोन आला. "पप्पांचं एकच म्हणणं आहे. माणूस माकडापासून झाला असं मानणाऱ्या घरात मुलगी द्यायची नाही. ते विचारतील बहुतेक."

माझे वडील वारलेले, मामा सुरतेला. आई चार माणसांत बोलायला घाबरते. घरातला कोणी मोठा पुरुष हवा, तर फादर म्हणाले सरांना ने. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी सरांच्या पुढ्यात जाऊन बसलो. म्हटलं, सर, माझं लग्न तुमच्या तोंडावर अवलंबून आहे. तिथे काहीही ऐकलं तरी बोलायचं नाही. उत्क्रांतीचा उ काढायचा नाही. सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "बरं. तुझी बैठक आहे. बोलायचं ते तू बोल."

चाळीसगावचं ते घर रेल्वे कॉलनीच्या पलीकडे, छोटं, स्वच्छ. भिंतीवर वचनं. समोर चिवडा, पेढे आणि पिवळीधमक केळी, जावई केळ्यात काम करतो म्हणून मुद्दाम आणलेली. प्रार्थना झाली, ओळखीपाळखी झाल्या. आई पदर सावरत बसली होती. मग पप्पांनी फणीतलं एक केळं तोडून वर धरलं. मला वाटलं मला देतायत.

"हे बघा," ते म्हणाले. "मुठीत बरोबर बसतं. वरून धरायला देठ दिलाय, ओढला की साल सुटते. आत बी नाही, लहान मूल खाईल, दात नसलेला म्हातारा खाईल. कोणी बुद्धी लावून आखल्याशिवाय हे असं होईल का?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी हात पुढे करून एक केळं घेतलं, सोललं आणि जवळजवळ अख्खं तोंडात घातलं. पप्पा बोलतच होते, डोळा घ्या, हात घ्या. सरांनी दुसरं केळं घेतलं. तोंड भरलेलं राहावं म्हणून तो माणूस एकामागून एक केळी खात होता, आणि रूथची आई कौतुकानं म्हणत होती, "सरांना आवडली वाटतं."

मग पप्पा माझ्याकडे वळले. "तुम्ही तर यातच काम करता. तुम्हीच सांगा. हे देवानं असंच्या असं बनवून दिलं की नाही?"

रूथ आतल्या दारात येऊन उभी राहिली होती आणि माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, घाबरलीय.

आता मला काय ठाऊक होतं ते सांगतो. रानकेळीच्या पोटात मिऱ्यासारख्या काळ्या बिया खच्चून भरलेल्या असतात, चावलं तर दात जाईल. बिनबियांचं झाड कधीतरी निसर्गातच निपजलं, पण ते माणसानं उचललं, निवडलं, पिढ्यान् पिढ्या कंद लावून जगवलं. बी नाही म्हणून तर त्याला आमची बाटली लागते. पप्पांच्या हातातलं केळं कदाचित मीच कापलेल्या कोंबाचं होतं. देवाच्या कारागिरीचा पुरावा म्हणून त्यांनी जी एक वस्तू उचलली होती, तिच्यात जळगाव जिल्ह्यातल्या माणसांची कारागिरी सगळ्यात जास्त होती. हे सांगूनही देवाला नमस्कार करता येतो, हे मी तीन वर्षं रोज ऐकत आलो होतो. चार वाक्यांचं काम होतं.

"हो पप्पा," मी म्हणालो. "सगळं त्याचंच डिझाइन. माणसाच्या हातात काय आहे?"

पप्पांनी "आमेन" म्हटलं. माझ्या आईनं सुटकेचा निःश्वास टाकला. सरांचं चावणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यात राग नव्हता, आणि हातातलं उरलेलं अर्धं केळं सालीत गुंडाळून ताटलीत ठेवलं. लग्न ठरलं.

आईला धुळ्याच्या बसमध्ये बसवून आम्ही दोघं पॅसेंजरनं जळगावला निघालो. आता सुरू होईल, आता सुरू होईल, म्हणून मी पाचोऱ्यापर्यंत वाट पाहिली. काही नाही. ते खिडकीतून कपाशी बघत होते. न राहवून मी म्हटलं, "सर, आता बोला हवं तर." ते म्हणाले, "काय बोलायचं? छान माणसं आहेत." मी मुद्दाम, त्यांना डिवचायला, म्हणालो की देवमासा म्हणजे शेवटी मासाच, नाही का. सर म्हणाले, "असेल."

त्यानंतर लग्नापर्यंत दोन महिने मी त्या घरात राहिलो, आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी माझी एकही चूक काढली नाही. खालून हाक येईना. जेवायला बसलो की मीठ हवं का, एवढंच. इतकी वर्षं ज्या कटकटीला मी वैतागलो होतो ती थांबली, तर मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी रोज संध्याकाळी काहीतरी चुकीचं बोलायचो आणि वाट बघायचो. सर लग्नाला आले, कुकर दिला, फोटोत उभे राहिले. वर्षभरात गुडघ्यांनी दगा दिला म्हणून धुळ्याला देवपुरात पुतण्याकडे राहायला गेले.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात पप्पा आमच्याकडे राहायला आले होते. एका संध्याकाळी त्यांनी मला मोबाइलवर नवा व्हिडिओ दाखवला, मी नेहमीसारखं "हो, हो" केलं. ते फिरायला बाहेर पडल्यावर रूथ स्वयंपाकघरातून म्हणाली, "बैठकीत तुम्हाला केळ्याचं विचारा, असं पप्पांना मीच सांगितलं होतं, माहीत आहे?"

मी म्हटलं, का?

"मी झूलॉजीत बीएस्सी केलंय ना. घरात एक शब्द बोलू शकले नाही कधी. म्हटलं, माझं ऐकत नाहीत, जावयाचं ऐकतील. रोज केळी कापणारा माणूस आहे, तो तरी सांगेल."

"आणि लग्न मोडलं असतं तर?"

"मी मोडू दिलं नसतं." तिनं कणीक झाकून ठेवली. "तुम्ही हो म्हणालात तेव्हा वाटलं, झालं, हाही तसलाच. मग सरांच्या तोंडाकडे बघितलं. तेव्हा कळलं की तुम्ही खोटं बोलताय. म्हणून जरा बरं वाटलं."

माझी बायको माझ्याशी लग्नाला तयार झाली ती मी खोटं बोललो हे एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं म्हणून. मला तिचा राग आला, सरांचा आला आणि सगळ्यात जास्त कोणाचा आला ते सांगायला नको. पप्पा चाळीसगावला परत गेले. पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेलो.

सर वाळले होते. पुतण्याच्या ओसरीत बाजेवर बसून त्याच्या पोराचं प्रगतिपुस्तक वाचत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, रूथचं बोलणंही. म्हटलं, सर, मी खोटं बोललो ते तुम्हाला समजलं होतं. तुम्ही मला तेव्हा झापलं का नाही? अख्ख्या चर्चला मार्क देत फिरलात, मलाच कसं सोडलं?

"चुकीचं उत्तर असतं तर बोललो असतो," सर म्हणाले. "अक्कांचं उत्तर चुकीचं, पण ते त्यांचं होतं. तुझ्या सासऱ्याचं त्यांचं होतं. तुझं उत्तर तुझं नव्हतंच. त्यात तपासणार काय?"

 मी विचारलं, आता काय करू?

"मला कसाले सांगस? मी तुझा सासरा नाही. अडीचला चाळीसगावची गाडी आहे."

मी म्हटलं, बघतो, पुढच्या महिन्यात. सरांनी बाजेखालून चपला ओढल्या. गुडघे धरून उठले, रिक्षा थांबवली आणि माझ्याबरोबर स्टँडवर आले. मी खिडकीशी बसलो तर ते खाली उभे. बस सुटेपर्यंत हलले नाहीत, मी मागच्या दारानं उतरून पळेन याची त्यांना खात्री होती. तशी ती मलाही होती.

पप्पांनी दार उघडलं. "अचानक?" म्हणाले. मी बसलो, पाणी प्यायलो आणि सांगितलं. रानकेळ, बिया, कंद, बाटल्या, सगळं. म्हटलं, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. मला वाटत होतं ते भडकतील, वचनं काढतील. त्याची उत्तरं मी बसमध्ये तयार करून ठेवली होती. पप्पांनी ऐकून घेतलं. केळ्याबद्दल त्यांनी एक अक्षरही विचारलं नाही.

"म्हणजे मुलगी मिळावी म्हणून हो म्हणालात," ते म्हणाले.

"हो."

"मग लग्नात वेदीपुढे जे जे हो म्हणालात, त्यातलं मी काय धरायचं?"

मी म्हणालो, ते सगळं खरं होतं. पप्पांनी माझा रिकामा ग्लास उचलून बाजूला ठेवला. मी तेच पुन्हा म्हणालो, आणि माझं मलाच ते आधीच्यापेक्षा पोकळ वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, सर इथे हवे होते, आणि त्यांनी मध्ये तोंड घालायला हवं होतं.